आपल्याच स्टुलावर बसणं

रहिमतपूर स्टेशनवरून मिरजेच्या बाजूला जाणारी गाडी धरली, की कऱ्हाड, ताकारी ओलांडल्यावर किर्लोस्करवाडी लागतं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही वसाहत उभी केली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याआधीचा भाग मात्र कमी सांगितला जातो. लक्ष्मणराव मूळचे ड्रॉइंगचे मास्तर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावात आले आणि 1903 साली त्यांनी लोखंडी नांगर केला. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन नासेल ही शेतकऱ्यांची भीती सगळे सांगतात. मला त्या दोन वर्षांत दुसरंच काही दिसतं. कागदावर रेघ बरोबर येणं आणि बैल जुंपल्यावर फाळ मातीत बरोबर चालणं या दोन गोष्टींमधलं अंतर एका ड्रॉइंग मास्तरला तेव्हा पुरतं मोजावं लागलं असणार.

हे अंतर आपण शिकवतो का? माझं उत्तर नाही असं आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पवनचक्की, धरण, सौर गाव यांची मॉडेल्स येतात. त्यांतली बरीच स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात आणि बाकीची वडील रात्री जागून करतात. 2018 साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा पुष्कळ शिक्षकांना पहिली चिंता ही पडली की आता प्रकल्प कशाचे करायचे! पुढे डिप्लोमाला गेलेला मुलगा स्टुलाचं समोरून, बाजूने आणि वरून दिसणारं चित्र झकास काढतो. त्या स्टुलावर कोणी बसणार नाही हे त्याला माहीत असतं, तपासणाऱ्यालाही माहीत असतं. गुण रेघेच्या सफाईला मिळतात. हाच मुलगा दहा वर्षांनी गणपतीचा मांडव, पत्र्याची शेड किंवा पाण्याच्या टाकीखालचं लोखंडी स्टँड उभं करतो, तेव्हा त्याखाली दुसरंच कोणीतरी उभं असतं.

गेली काही वर्षं मी रहिमतपुरात आणि आसपासच्या गावांत आठवी-नववीच्या मुलांकडून, कधी डिप्लोमाच्या मुलांकडून, पुठ्ठ्याचं फर्निचर करून घेतो. मी अभियंता नाही. हा विषय मी पुस्तकं वाचून आणि खोकी फाडून शिकलो. अट एकच असते : जो करेल त्याने सगळ्यांत आधी त्यावर बसायचं, आणि बसण्याआधी ते किती वजन पेलेल हे वहीत लिहायचं. या दोन वाक्यांत अभियांत्रिकी रचनेचा किती भाग मावतो, ते या लेखात मांडतो आहे.

पुठ्ठाच का, हे आधी पाहू. नालीदार पुठ्ठ्याचा जन्म खोक्यासाठी झाला नाही. 1856 साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या उंच टोपीच्या आतल्या पट्टीसाठी. बाटल्या गुंडाळण्यासाठी त्याचा वापर अमेरिकेत 1871 साली अल्बर्ट जोन्सने सुरू केला. आज दुकानात ज्याला तीन प्लाय म्हणतात, त्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो. पाच प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन नागमोडी. हे तीन कागद नुसते एकमेकांवर चिकटवले तर एक लवचीक, जाडसर कागद मिळेल. मधल्या नागमोडी कागदाचं काम बाहेरचे दोन कागद एकमेकांपासून लांब धरून ठेवण्याचं. वाकताना एक कागद ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं वाकवणं अवघड. अंतर दुप्पट केलं की ताठरपणा जवळजवळ चौपट होतो. लोखंडी गर्डरचा इंग्रजी आय अक्षरासारखा आकार याच कारणासाठी असतो. गर्डर कापून दाखवता येत नाही, पुठ्ठा ब्लेडने कापून दाखवता येतो.

त्यात पुठ्ठ्याला दिशा असते. नाल्या उभ्या असतील तर तो भार घेतो, आडव्या असतील तर चेमटतो. हे फळ्यावर समजावायला वेळ लागतो, पण हातात दोन तुकडे दिले की अर्ध्या मिनिटात कळतं. एका गटात सुतारकाम करणाऱ्या घरातला मुलगा होता. तुकडा हातात घेताच तो म्हणाला, "काका, हे लाकडाच्या रेषांसारखंच आहे. खुंटी आडव्या रेषेची केली की मोडते." वर्गात त्याचा नंबर शेवटून मोजावा लागे. त्या दिवशी त्याच्याभोवती सगळे जमले. आपल्याकडे रेखाटन शिकलेल्यांचं आणि करणं बलुतेदारांचं अशी वाटणी फार जुनी आहे. तांत्रिक शिक्षण आलं तेव्हा ती मोडायला हवी होती, पण तिला प्रमाणपत्र मिळालं. ज्याच्या घरात तीन पिढ्या खाच-खुंटी चालते, त्या मुलाला या ज्ञानाचा एक गुणही मिळत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलींच्या बाबतीतही असंच घडतं. घरातला हातोडा, करवत, पक्कड ही बापाची नाहीतर भावाची. पुठ्ठ्याला कटर, स्टीलची पट्टी आणि घडीची रेघ दाबायला चमच्याचा दांडा एवढंच लागतं. त्यामुळे 'हे आमचं काम नाही' असं म्हणायला कोणाला जागाच उरत नाही.

पुठ्ठाकाम शाळेला नवं नाही. युरोपात, विशेषतः स्वीडन-फिनलंडमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तकामातून शिक्षणाची चळवळ झाली, तिच्या वाटेवर पुठ्ठा होताच. आपल्याकडे 1937च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमच्या अभ्यासक्रमात कताई-विणकाम आणि शेतीबरोबर पुठ्ठाकाम, सुतारकामही आलं. साठी-सत्तरीतल्या वाचकांना शाळेतला पुठ्ठाकामाचा तास आठवत असेल : फाईल, पॅड, पेनाचा डबा, वरून रंगीत कागद. काम सुबक होई, पण त्यात तपासली जाई ती सफाई. डबा किती वजन पेलतो हे कोणी विचारत नसे. त्यामुळे तो तास हस्तकलेचा राहिला, रचनेचा झाला नाही. 'कार्यानुभव' या नावाने तो पुढे चालला आणि हळूहळू वेळापत्रकातला मोकळा तास बनला.

रचनेची सुरुवात कापण्याने होत नाही, विचारण्याने होते. स्टूल कोणासाठी? मुलं म्हणतात, "कोणासाठी पण." असं स्टूल करता येत नाही. मग मी घरी पाठवतो आणि एका माणसाचं माप आणायला सांगतो : गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंतची उंची, बसल्यावरची रुंदी, वजन. दुकानात मिळणारं स्टूल साधारण 45 सेंटिमीटर उंच असतं. आठवीतल्या बुटक्या मुलीचे पाय त्यावरून लोंबकळतात, आणि हे तिला माप घेतल्यावर पहिल्यांदा कळतं. एका मुलीने आजीचं माप आणलं. आजीचे गुडघे दुखतात. खाली पाटावर बसलं तर उठता येत नाही, म्हणून तिला उंच बैठक हवी. मुलीने आजीला नुसतं मोजलं नाही, तिला बसता-उठताना पाहिलं. उठताना आजी दोन्ही तळहात बैठकीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि सगळा भार तिथे देते.

हे एक निरीक्षण वहीत आलं आणि साधा वाटणारा प्रश्न अवघड झाला. बैठक उंच केली तर बाजू लांब होतात आणि लांब बाजू लवकर मुरडते. भार मधोमध न येता कडेवर आला तर स्टूल कलंडतं, म्हणून तळ बैठकीपेक्षा रुंद हवा. तळ रुंद केला तर आजीची पावलं त्याला अडतात, कारण उठताना पाय मागे घ्यावे लागतात. एक गरज पुरी करताना दुसरी बिघडते, आणि दोन्हींमधला मार्ग कोणत्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेला नसतो. ही ओढाताण म्हणजेच रचना, आणि ती आजीच्या गुडघ्यापासून सुरू झाल्यामुळे मुलीला सोडवत नव्हती. शेवटी तिने समोरची बाजू खालून आत घेतली आणि मागची बाजू बाहेर काढली. असं केल्यावर पुढच्या कडेवर भार आला की स्टूल पुढे झुकू पाहतं, हे तिला पहिल्या नमुन्यावर कळलं. मग दोन्ही कोपऱ्यांत, पावलांच्या बाहेरच्या बाजूला, तिने दोन आधार पुढे काढले.

लांबी आणि मुरडणं यांचं नातं ऑयलरने 1744 साली गणिताने मांडलं : सडपातळ खांबाची लांबी दुप्पट केली की तो मुरडण्याचा भार चौथ्या हिश्शावर येतो. हे सूत्र मी आधी सांगत नाही. पुठ्ठ्याच्या सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, 10, 20 आणि 40 सेंटिमीटरच्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पट्टी उभी धरून वरून हलकेच दाबायची आणि ती वाकू लागली की आकडा वाचायचा. दहाची पट्टी बहुतेक वेळा वाकण्याआधी कडेला चिरडते, त्यामुळे तिचा आकडा चौपटीच्या हिशेबात बसत नाही. मुलं म्हणतात, प्रयोग चुकला. इथे शिक्षकाला धीर लागतो. प्रयोग चुकलेला नाही. आखूड पट्टी चिरडून मोडते, लांब पट्टी मुरडून मोडते. मोडण्याचे हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. चिरडत असेल तर माल वाढवा. मुरडत असेल तर आकार बदला : घडी घाला, कोन करा, मध्येच आडवा आधार द्या.

आता आकड्यांकडे येतो, कारण आकड्यांशिवाय हा उद्योग पुन्हा हस्तकलेकडे घसरतो. चांगल्यापैकी तीन प्लाय पुठ्ठ्याची उभी कड प्रयोगशाळेत दर सेंटिमीटरला साधारण 5.7 किलो भार पेलून मग चिरडते. 35 सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद खोकं घ्या. परीघ 140 सेंटिमीटर. सरळ गुणाकार केला तर जवळजवळ 800 किलो. मुलांचे डोळे विस्फारतात. पण खोक्याच्या सपाट बाजू इतका भार येण्याआधीच फुगतात. अमेरिकेतल्या मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1963 साली खोक्यांसाठी एक सोपं सूत्र दिलं, ते खोकी बनवणारे आजही वापरतात : परीघ आणि पुठ्ठ्याची जाडी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं, त्याला कडेच्या ताकदीने गुणायचं आणि परत 5.87ने गुणायचं. जाडी 4 मिलिमीटर धरली तर वर्गमूळ येतं साडेसात सेंटिमीटरच्या जवळ, आणि उत्तर येतं 250 किलो. आठशेचे अडीचशे झाले.

पुढे पाऊस. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्मी होते. श्रावणातल्या दमट हवेत आपले 250 किलो 125वर येतात. आणि माणूस स्टुलावर हळूच ठेवला जात नाही, तो बसतो. भार एकदम आला की त्याचा परिणाम क्षणभर दुप्पट होतो, हा यंत्रशास्त्रातला जुना नियम. म्हणजे उरले साठ-बासष्ट किलो. आठशेपासून निघून आपण एका सडपातळ माणसापाशी येऊन पोचलो, आणि खोकं अजून नवंच धरलं आहे, वापरलेलं नाही. सुरक्षा गुणक म्हणजे काय, हे शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकात तो भागाकार असतो. इथे तो पावसाचा, घाईने बसण्याचा आणि जुन्या खोक्याचा हिशेब असतो.

इतकं करूनही स्टूल मोडतं ते बहुधा बाजूंमुळे नाही. वरचा पुठ्ठा मधोमध खचतो, त्याबरोबर बाजूंची वरची कड आत ओढली जाते आणि मग सगळंच बसतं. भार माणसाकडून जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातो, ही वाट मुलांनी आखलेलीच नसते. बैठकीखाली पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या खाचेत खाच घालून जाळीसारख्या बसवल्या, काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात कप्पे असतात तशा, की भाराला मधूनच खाली उतरायला रस्ते मिळतात. एका पट्टीला वरून अर्ध्या उंचीपर्यंत खाच, दुसरीला खालून. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. सैल पडली तर स्टूल डुलतं, घट्ट झाली तर नाल्या चेमटतात. डिंक आणि चिकटपट्टी मी देत नाही. ती दिली की सगळे दोष तिच्याखाली झाकले जातात.

या भागातल्या मुलांना खोक्याच्या ताकदीविषयी एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकाआधी माहीत असते. तासगावकडची द्राक्षं आणि बेदाणे पुठ्ठ्याच्या पेट्यांतून जातात. ज्याच्या नात्यात बाग आहे, त्याने पेट्यांची थप्पी लावलेली असते किंवा लावताना ओरडा तरी खाल्लेला असतो : कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. खोक्याच्या भाराचा मोठा वाटा चार कोपरे उचलतात. थप्पी थोडी सरकली तरी ताकद 10 ते 15 टक्के कमी होते. विटांसारखी एकाआड एक रचली तर थप्पी हलत नाही, पण ताकद 40 ते 60 टक्के घटते. भार नव्वद दिवस तसाच राहिला तर मूळ ताकदीच्या 55 टक्क्यांच्या आसपासच भरवसा धरतात. पुठ्ठा थकतो. मालाला हवा लागावी म्हणून पेटीला भोकं पाडतात, ती कोपऱ्यांपासून लांब का असतात, हे मी विचारतो. उत्तर मुलंच देतात, आणि मग आपल्या स्टुलाला हात घालून उचलायचं भोक कुठे पाडायचं हे सांगावं लागत नाही.

आकाराच्या बाबतीत आपल्या भाषेनेच बरीच मदत करून ठेवली आहे. पाट, चौरंग, तिवई. तिवईला तीन पाय असतात आणि तीन पायांचं काहीही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही. चौरंगाचा एक पाय नेहमी अधांतरी राहायला बघतो. मग सगळ्या वस्तू तिवया का नाहीत? कारण तिवईच्या दोन पायांमधल्या कडेवर भार आला की ती लवकर कलंडते. ही चर्चा एकदा सुरू झाली की तासभर थांबत नाही, आणि मी ती थांबवतही नाही.

जगात पुठ्ठ्याच्या फर्निचरची मोठी नावं आहेत. फ्रँक गेरी या वास्तुकाराने 1972 साली पुठ्ठ्याचे पुष्कळ थर एकमेकांवर चिकटवून नागमोडी खुर्ची केली. आलटून पालटून थरांची दिशा बदलल्यामुळे ती खूपच टिकाऊ झाली. शिगेरु बान या जपानी वास्तुकाराने कागदी नळ्यांची घरं 1995च्या कोबे भूकंपानंतर उभारली आणि 2001च्या भूकंपानंतर आपल्या भुजमध्येही. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना पुठ्ठ्याचे पलंग दिले, तेव्हा ते मोडतील अशी जगभर थट्टा झाली. ते सुमारे 200 किलो पेलतील असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं आणि आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने त्यावर उड्या मारून चित्रफीत टाकली. ही चित्रफीत मुलांना फार आवडते. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आकडा आधी जाहीर झाला होता.

महाराष्ट्रातलं सर्वांत जवळचं उदाहरण 2014 सालचं. मुंबईच्या 'आरंभ' या संस्थेने एका जाहिरात कंपनीच्या मदतीने टाकाऊ खोक्यांपासून 'हेल्प डेस्क' नावाची वस्तू केली. ठरावीक रेघांवर कापून घडी घातली की जमिनीवर बसणाऱ्या मुलापुढे तिरकं बाक तयार होतं, आणि तेच बंद करून दप्तर म्हणून पाठीवर नेता येतं. एका नगाचा खर्च दहा रुपयांच्या आसपास सांगितला गेला. ग्रामीण शाळांतली मुलं पाठीचं कमान करून जमिनीवरच्या वहीत लिहितात, तो त्रास यातून कमी होणार होता. कल्पना उत्तम, आणि घडीची रचना खरोखर हुशारीची आहे. तरी माझी एक तक्रार आहे. कापायची जागा कुठली, घडी कुठे, कोन किती, हा सगळा विचार मुंबईत झाला. गावातल्या मुलाच्या हातात तयार उत्तर आलं. ज्या मुलाची पाठ दुखते त्यालाच खोकं, कटर आणि तो प्रश्न दिला असता, तर बाक कदाचित इतकं देखणं झालं नसतं. पण पहिलं भिजून मऊ पडल्यावर दुसरं करायला त्याला कोणाची वाट पाहावी लागली नसती.

हा विचार माझा एकट्याचा नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच पायावर. अमेरिकेत डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी, आणि ते सगळं सोडून एक दुष्काळी गाव. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करायचं आणि ते गावाला उपयोगी पडलं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, माती-पाण्याची तपासणी, सगळं त्यात आलं. मुलं ज्या वस्तू करतील त्या कोणीतरी वापरणार, ही अट तिथे पहिल्यापासून होती. 2002 साली अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या देशाबाहेरची पहिली फॅब लॅब उभी केली ती पाबळमध्ये, हे उगीच झालं नाही. पाबळचा आवाका मोठा आहे. त्याला शेड, यंत्रं, निदेशक लागतात. माझ्या पुठ्ठ्याला एक रिकामा वर्ग पुरतो, आणि अशा रिकाम्या वर्गांची आपल्याकडे कमतरता नाही.

आक्षेप येतात. एक शिक्षक म्हणाले, "मुलाचं स्टूल मोडलं, तो सगळ्यांसमोर पडला, तर त्याचा धीर खचेल." प्रश्न खरा आहे. त्यासाठी दोन गोष्टी करतो. बसण्याआधी स्टुलावर वाळूच्या पिशव्या चढवतो, पाच-पाच किलोच्या, आणि प्रत्येक पिशवीनंतर थांबून कान देतो, कारण पुठ्ठा मोडण्याआधी करकरतो. आणि दुसरं, गुण स्टूल टिकण्याला ठेवत नाही. वहीत तीन रकाने असतात : किती पेलेल असा अंदाज, किती पेललं, आणि कुठून मोडलं. अंदाज 60 लिहिला आणि स्टूल 55ला मोडलं, तर त्या मुलाला पैकीच्या पैकी. अंदाज 40चा आणि स्टूल शंभरलाही मोडेना, तर गुण कमी, कारण त्याने दुप्पट पुठ्ठा वाया घालवला आणि आपण काय केलं हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्या वेळी मुलांना हा अन्याय वाटतो. पालकांना तर फारच वाटतो. "त्याचं मोडलं नाही तरी कमी गुण?" असं विचारायला एक आई घरी आल्या होत्या. वही दाखवली, समजावलं. त्या शिवणकाम करतात. म्हणाल्या, "म्हणजे कापड जास्त लावून ब्लाउज बसवल्यासारखं." मी त्यानंतर हीच उपमा वापरतो.

तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला सगळे 'मधून मोडलं' असं लिहितात. तीन-चार आठवड्यांनी वाक्यं लांब होतात : 'डाव्या पट्टीची वरची खाच फाटली, मग ती पट्टी वाकली, मग बैठक खचली.' मोडण्यालाही क्रम असतो हे ज्याला दिसलं, तो पुढच्या वेळी बरोबर पहिल्या दुव्यापाशी हात घालतो. डिप्लोमाच्या मुलांपेक्षा आठवीतली मुलं हा रकाना बरा लिहितात. थोरल्यांना मोडलेल्या वस्तूविषयी लिहायची लाज वाटते, आणि ती लाज परीक्षेने शिकवलेली असते.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावं-करावं, ही त्यामागची कल्पना. त्यांतले दोन दिवस पुठ्ठ्याला दिले तरी एक स्टूल अंदाजापासून मोडण्यापर्यंत जाऊन परत एकदा करून होतं. हे 'परत एकदा' सर्वांत महत्त्वाचं. एकदाच करायला दिलं तर मोडणं हा शेवट होतो.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची खोकी पाच किंवा सात प्लायची असतात. ती विजेच्या वस्तूंच्या दुकानात आधी सांगून ठेवावी लागतात, नाहीतर भंगारवाला नेतो. किराणा दुकानातली तीन प्लायची चालतात, पण घड्यांवर थकलेली असतात. तो भाग वगळून मधला सपाट तुकडा वापरावा. कटरचं पातं दर दोन तासांनी मोडून नवं करावं. बोथट पात्याने नाल्या चेमटतात आणि हातही कापतो. कापणारा हात आणि पट्टी धरणारा हात यांची जागा पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी. आणि सुरुवात दिवाळीनंतर करावी. हवा कोरडी झालेली असते, पुठ्ठा कडक असतो. थंडीत केलेलं एखादं चांगलं स्टूल नाव घालून कोपऱ्यात जपून ठेवावं. जुलैत तेच स्टूल, तेवढ्याच वाळूच्या पिशव्या, आणि त्याच मुलाने वहीत लिहिलेला नवा अंदाज.